परवानगी नाकारली जाते तेव्हा

संगणक आपल्या घरचा असूनही एखाद्या प्रोग्रॅमची सेटिंग बदलताना 'ॲक्सेस इज डिनाइड' असा संदेश येतो. हा बिघाड नव्हे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून 'यूजर अकाउंट कंट्रोल' ही व्यवस्था लागू आहे. त्यामुळे ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून उघडलेला प्रोग्रॅमही सर्वसाधारणपणे मर्यादित अधिकारांनीच चालतो. 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमधील फाइल त्याला वाचता येते, बदलता येत नाही.

अशा वेळी प्रोग्रॅम बंद करावा. त्याच्या चिन्हावर उजवे क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' हा पर्याय निवडावा. खाते 'स्टँडर्ड' प्रकारचे असल्यास ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्यावा लागतो. बदल जतन झाल्यावर प्रोग्रॅम पुन्हा नेहमीप्रमाणे उघडावा.

मात्र ही व्यवस्थाच कायमची बंद करू नये. जो अडसर तुम्हाला थांबवतो, तोच नकळत शिरलेल्या घातक प्रोग्रॅमलाही विंडोजच्या मूळ फाइलींपासून आणि घरातील इतरांच्या खात्यांपासून दूर ठेवतो. म्हणून प्रोग्रॅमची खात्री पटली असेल, तरच आणि तेवढ्यापुरतीच परवानगी द्यावी.

स्वयं-अध्ययन : तुमचे खाते कोणत्या प्रकारचे आहे, हे 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स' विभागात पाहून नोंदवा.