वाल कधी पेरावेत?
रायगडातल्या वालाला पाऊस लागत नाही. लागते ती भाताने मागे ठेवलेली ओल. म्हणून भातकापणी उरकली की नोव्हेंबरच्या सुमारास पेरणी होते. तारखेपेक्षा माती पाहावी. मूठभर माती दाबा: बोटांना चिखल लागला तर थांबा, बी कुजेल, गोळा होऊन टिचकीने फुटला तर त्याच दिवशी पेरा. इथे चालढकल महागात पडते, कारण वरचा थर वाळला की उगवण विरळ होते. जूनमध्ये घाई करूनही उपयोग नाही. पारंपरिक वाल दिवस लहान झाल्यावरच फुलतो, तोवर नुसता वेल माजतो. वेळ साधली, तर जानेवारी-फेब्रुवारीत पोपटी या पदार्थासाठी मडक्यात भांबुर्डा या रानवनस्पतीच्या पाल्यासोबत याच वालाच्या शेंगा शिजतात, आणि त्या चवीला खरोखर तोड नाही.