रक्त परतते तेव्हा पेशी का मरते?

हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की स्नायूपेशी प्राणवायूवाचून मरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण यातल्या बऱ्याच पेशींचा फैसला रक्त थांबलेले असताना होत नाही, ते पुन्हा वाहू लागल्यावर होतो. याचे कारण पेशीतल्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत आहे. तंतुकणिकेचे आतले आवरण धरणाच्या भिंतीसारखे काम करते. एका बाजूला प्रोटॉन साठतात आणि त्यांच्या ओघावर एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते. रक्त अडलेले असताना पेशीत आम्ल वाढते, आणि तेच आम्ल या आवरणातले मोठे छिद्र उघडू देत नाही. रक्त परतताच आम्ल धुऊन जाते, प्राणवायूची घातक संयुगे वाढतात, कॅल्शियम तंतुकणिकेत शिरते. छिद्र उघडून १,५०० डाल्टन वजनापर्यंतचे रेणू आरपार जाऊ लागतात. तंतुकणिका फुगते, इंधन संपते, पेशी मरते.

याचा भक्कम पुरावा २००५ मध्ये मिळाला. हे छिद्र उघडायला मदत करणारे सायक्लोफिलिन-डी हे प्रथिन ज्या उंदरांत नव्हते, रक्त अडवून पुन्हा सोडल्यावर त्यांच्या हृदयाचा कमी भाग मेला. पेशींचा नियोजित आत्मनाश मात्र त्यांच्यात चालूच राहिला, कारण त्याची सुरुवात बॅक्स आणि बॅक ही प्रथिने बाहेरच्या आवरणात करतात. मग सायक्लोफिलिन-डीला रोखणारे सायक्लोस्पोरिन हे औषध माणसांना देऊन पाहिले गेले. २००८ मध्ये फ्रान्समधल्या ५८ रुग्णांत हृदयाची इजा कमी दिसली. २०१५ मध्ये ९७० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मात्र काहीच फायदा झाला नाही.

मग छिद्राचा सिद्धांतच चुकला का? तसे म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत रक्त किती मिनिटे अडवायचे हे संशोधक ठरवतो. रुग्ण काही तासांनी येतो, तोवर अनेक पेशी वाचवण्यापलीकडे गेलेल्या असतात. परतणारे रक्तच इजा करते, तर वाहिनी उघडायची कशाला, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर सरळ आहे: वाहिनी बंदच राहिली तर त्या भागातली जवळपास प्रत्येक पेशी मरते. रक्त जितका वेळ अडते तितके कॅल्शियम साचते, इंधन आटते आणि रक्त परतल्यावर छिद्र उघडण्याची शक्यता वाढते. छिद्र बंद ठेवणारे खात्रीचे औषध हाती नाही, तोवर हा वेळ कमी करणे एवढेच आपल्या हातात आहे.

हा वेळ बहुतेकदा दवाखान्याच्या वाटेवरच जातो. कर्नाटकातल्या हुबळीत १९५७ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण आसपासच्या कलघटगी, नवलगुंद, कुंदगोळ तालुक्यांतल्या रुग्णासाठी मोलाची मिनिटे तिथे पोहोचण्याआधीच सरतात. म्हणून कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाच्या, कर्नाटक सरकारच्या ‘हृदयज्योती’ योजनेत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मोफत देण्याची केलेली सोय शास्त्राला धरून आहे. छातीत दडपल्यासारखे दुखले, दरदरून घाम फुटला, तर पित्त समजून सकाळची वाट पाहू नका. लगेच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या.