वळवणचा महाशीर

अंधेरी-घाटकोपरच्या विजेचा एक वाटा लोणावळ्याच्या पाण्यातून येतो. वळवणच्या तलावाचं पाणी खोपोलीत उतरतं आणि तिथे वीज होते. त्याच वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970च्या दशकात महाशीर वाढवायला सुरुवात केली.

हा वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा, आपल्याकडे खडची. निसर्ग अभ्यासक सायक्सने 1839मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. धरणांनी त्याच्या वाटा अडवल्या, सुरुंगाच्या मासेमारीने उरलेसुरले मारले. रोहूच्या मानाने मादी अंडीही मोजकीच घालते.

म्हणून वळवणला पिल्लं माणूसच तयार करतो: पावसाळ्यात अंड्यांनी पिकलेल्या मादीचं पोट हलक्या हाताने दाबतात. अंडी कोरड्या भांड्यात पडतात, त्यावर नराचं वीर्य, मग पिसाने ढवळायचं. पाणी नंतर, आधी घातलं तर फलन बिघडतं. अंडी जड, तळाशी बसणारी, म्हणून उथळ ट्रेमधून पाणी सतत वाहतं ठेवायचं. तीन-चार दिवसांत पिल्लं.

इथली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे आधीपासून वेगळा, पाठीवर कुबड असलेला महाशीर होता. तो आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि अभ्यासक या पाहुण्यालाही जबाबदार धरतात. खडची मात्र 2020 साली संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला.