वावराचा उतार नळीने मोजा

भीमपूरकडची काळी वावरे दुरून सपाट दिसतात. पण जुलैच्या मोठ्या पावसानंतर पैनगंगेकडे धावणारे नाले पाहावेत. त्यांचे गढूळ पाणी म्हणजे आपलीच वाहून चाललेली माती. पऱ्हाटीचे तास उताराच्या दिशेने सरळ खाली काढले, तर प्रत्येक तासाचा पाट होतो. म्हणून पेरणीपूर्वी उतार मोजावा, असे आम्ही शेतकरी बंधुभगिनींना सुचवितो. उतार डोळ्यांनी ठरवू नये.

गवंडी पातळी पाहतो ती पारदर्शक नळी १५ मीटर घ्यावी. दोन सारख्या काठ्यांवर तळापासून सेंटिमीटरच्या खुणा करून नळीची टोके त्यांना बांधावीत व पाणी भरावे. आत बुडबुडा राहिला की माप चुकते. आधी दोन्ही काठ्या सपाट फरशीवर शेजारी उभ्या करून पाणी एकाच खुणेवर येते का, ते पाहावे.

आता एक काठी वर आणि दुसरी १० मीटर खाली धरावी. समजा, वरच्या काठीवर पाणी ८८ वर व खालच्या काठीवर १०३ वर आले. नळीतले पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत असते, म्हणून खालच्या जागी आकडा मोठा येतो. फरक १५ सें.मी., अंतर १००० सें.मी. भागाकार केला की दीड टक्का उतार निघाला. दहावीच्या गणितातला ‘रेषेचा चढ’ तो हाच. घरातल्या विद्यार्थ्याला सोबत घ्यावे, त्याचाही अभ्यास होईल.

मात्र हा उतार त्या दोन बिंदूंमधल्या रेषेचा आहे, सबंध वावराचा नव्हे. वरची काठी तिथेच ठेवून खालची १० मीटरवर गोल फिरवावी. फरक सर्वांत जास्त येईल तिकडे पाणी धावते. फरक शून्य येईल ती समपातळीची रेषा. हलक्या मुरमाड जमिनीत तास समपातळीने काढावेत. भारी काळ्या जमिनीत तसे केले तर पाणी तुंबून पऱ्हाटी पिवळी पडते. तिथे १० मीटरला सुमारे ५ सें.मी. उतरणारी रेषा शोधावी, म्हणजे अर्धा टक्का. १९७२ साली पाटणचेरूला स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेनेही काळ्या जमिनीसाठी रुंद वाफे आणि अशाच मंद उताराच्या सऱ्या सुचविल्या आहेत.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात येशूसंघीय फादर हरमन बाखर यांच्या प्रेरणेने पाणलोटाची कामे झाली. माती-पाणी अडविण्याचे असे काम माथ्यापासून पायथ्याकडे करतात. वावरातही मोजणी वरच्या धुऱ्यापासून सुरू करावी.

तासांचे खालचे टोक शेजाऱ्याच्या वावरात सोडू नये. पाणी धुऱ्यालगत गवत राखलेल्या चरातून नाल्यात न्यावे. यावरून होणारी भांडणे दर पावसाळ्यात आमच्या कानी येतात.