घरचा संगणक (लेखांक ९) : फाइल उतरते, संगणक गोठतो

मागच्या लेखांकात हार्ड डिस्कची तब्येत कशी तपासायची ते पाहिलं. तो वाचून पिपरी मेघेहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. डिस्क ठणठणीत निघाली होती, दुखणं मात्र तसंच होतं. "भाऊ, डाउनलोड लावलं की पीसी हँग मारून राहिला. माउस हलते, बाकी काहीच नाही हलत."

सरांना जुन्या मराठी पुस्तकांचा नाद आहे. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात स्कॅन झालेली असंख्य पुस्तकं आज 'इंटरनेट आर्काइव्ह'वर सापडतात, आणि २०१२ पासून तिथं पुस्तकासोबत टॉरेंटची फाइलही मिळते. सर ती लावतात, पुस्तकं उतरवतात आणि मित्रांना वाटतात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की आपल्याकडे पुस्तकावरचा कॉपीराइट संपतो, त्यामुळे अशा पुस्तकांपुरतं त्यांच्या या उद्योगात गैर काही नाही. नव्या सिनेमाचं तसं नाही. टॉरेंट म्हणजे नुसतं घेणं नव्हे; घेता घेता तुम्ही वाटतही असता, आणि कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमात त्यासाठी तुरुंगवास आहे. हे सांगून झालं, आता मशीनकडे वळू.

पिपरी मेघे वर्धा शहराला खेटूनच, म्हणून प्रत्यक्षच पाहून आलो. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम, ३२० जीबीची डिस्क, विंडोज ७. सरांच्या भाच्यानं निकाल देऊन टाकला होता : नवा घ्या. हा सल्ला पहिल्याच दिवशी देणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

आधी एक साधी गोष्ट करायची. संगणक गोठला की पॉवरचं बटण दाबून धरू नका. कॅबिनेटच्या तोंडाशी असलेला हार्ड डिस्कचा छोटा लाल दिवा पाहा. तो सतत पेटलेला असेल आणि माउसचा बाण हलत असेल, तर संगणक मेलेला नाही, डिस्कपाशी रांग लागली आहे. दिवा विझलेला आणि बाणही जागचा हलत नाही, तर संशय उष्णता, रॅम किंवा वीजपुरवठ्यावर घ्या. दिवा विझलेला, बाण हलतोय, बाकीचे प्रोग्रॅम चालताहेत आणि फक्त टॉरेंटच्या खिडकीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलंय, तर दोष त्या सॉफ्टवेअरचा. आणि संगणक नीट चालतोय पण त्याच वेळी घरातल्या मोबाइलवरचं व्हॉट्सॲपही अडकलंय, तर संगणक निर्दोष आहे, राउटर पकडा. माझ्या मते निम्मी तपासणी या एका दिव्यावर होते. दुरुस्तीवाला मुलगा मात्र आल्या आल्या विंडोज नवं टाकायला घेतो.

सरांचा दिवा सतत पेटलेला होता. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर आरामात बसलेला. त्यातूनच 'रिसोर्स मॉनिटर' उघडला, तर डिस्क शंभर टक्के व्यस्त, आणि प्रत्यक्षात लिहिलं जात होतं ते सेकंदाला काही शे केबी. एवढ्याशा कामाला एवढी दमछाक का, यातच सगळी मेख आहे.

२००१ साली ब्रॅम कोहेननं बिटटोरेंट आणलं. त्यात फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीनं येत नाही. तिचे तुकडे पाडलेले असतात, आणि जो तुकडा कमी लोकांकडे आहे तो आधी मागवायचा असा नियम असतो. म्हणजे आधी मधला, मग शेवटचा, मग पुन्हा सुरुवातीचा. नेटवर तुकडे आणखी बारीक होऊन, सोळा-सोळा केबीचे, येतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा डिस्कच्या वाचण्या-लिहिण्याच्या मुंडीखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, आणि मुंडी आडवी सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या जागा असतील तर सेकंदाला जेमतेम ऐंशी ठिकाणी पोहोचणं होतं. सोळा केबी गुणिले ऐंशी : सव्वा एमबी. तीच डिस्क ओळीनं लिहायला लावली तर सत्तर-ऐंशी एमबी सहज लिहिते. पंगतीत एकच वाढपी असावा आणि त्यानं पहिल्या रांगेत एकाला वरण, शेवटच्या रांगेत दुसऱ्याला भात, परत मध्ये येऊन तिसऱ्याला मीठ वाढावं, तसं हे चालतं. वाढपी आळशी नाही, त्याला पळवलाय जास्त.

त्यात सरांनी सहा टॉरेंट एकदम लावलेले. अँटिव्हायरस आलेली फाइल हुंगत होता, विंडोजचं सर्च इंडेक्सिंग तोच फोल्डर चाळत होतं, आणि दोन जीबी रॅम भरल्यामुळे विंडोज उरलेलं सामान त्याच डिस्कवर नेऊन टाकत होतं. एका डिस्कवर चार मालक.

उपाय सेटिंगमध्ये निघाले. एका वेळी एकच टॉरेंट चालू, बाकीचे रांगेत. क्यूबिटटोरेंट या टॉरेंट उतरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मुळात एकूण जोडण्यांची मर्यादा ५०० आणि एका टॉरेंटला १०० असते. जुन्या मशीनवर ती शंभर आणि तीसवर आणली तरी वेग फारसा पडत नाही, मशीन मात्र श्वास घेतं. पुस्तकांचा फोल्डर इंडेक्सिंगमधून वगळला. अँटिव्हायरसला अर्धवट फाइल उतरतात तो फोल्डर तेवढा सोडायला सांगितलं, पूर्ण झालेली फाइल मात्र तपासायचीच. अँटिव्हायरस सरसकट बंद करून ठेवा, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता एक अशी गोष्ट, जिला लोक हमखास बिघाड समजतात. प्रत्येक तुकड्याचा एक ठसा टॉरेंटच्या फाइलमध्ये नोंदलेला असतो आणि आलेला तुकडा त्याच्याशी ताडून पाहिला जातो. मध्येच वीज गेली, संगणक धाडकन बंद झाला, तर पुढच्या वेळी प्रोग्रॅम आलेली सगळी फाइल पहिल्यापासून वाचून ताडून बघतो. आठ-दहा जीबी असतील तर जुन्या डिस्कवर मिनिटंच्या मिनिटं जातात आणि खिडकी मख्ख बसलेली दिसते. माणूस वैतागून पुन्हा बटण दाबून बंद करतो, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी उठून चहा करा. आपल्याकडे पावसाळी वादळात वीज कितीदा जाते ते मी सांगायला नको. डाउनलोड रात्रभर लावत असाल तर यूपीएसची बॅटरी आधी पाहा.

पेनड्राइव्हवर थेट उतरवणं हाही असाच छळ. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीत असतात. त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, आणि फाइलच्या शेवटचा तुकडा आधी आला तर त्याच्या आधीची सगळी रिकामी जागा प्रणालीला शून्यांनी भरत बसावं लागतं. तेवढा वेळ प्रोग्रॅम थिजतो. लाल दिवा इथं फसवतो, कारण तो आतल्या डिस्कचा. पेनड्राइव्हच्या कामाला तो पेटत नाही. आधी एनटीएफएस असलेल्या डिस्कवर उतरवायचं, पूर्ण झालं की पेनड्राइव्हवर कॉपी करायचं.

सॉफ्टवेअर कोणतं, यालाही महत्त्व आहे. म्यूटोरेंट २००५ मध्ये आलं तेव्हा आकारानं इतकं चिमुकलं होतं की जुन्या मशीनचं ते लाडकं झालं. पुढं त्यात जाहिराती शिरल्या, आणि २०१५ मध्ये त्याच्यासोबत 'एपिकस्केल' नावाचा आभासी चलन खणणारा प्रोग्रॅम लोकांच्या संगणकात गेल्यावर बराच गदारोळ झाला. आज मी क्यूबिटटोरेंट किंवा ट्रान्समिशन सुचवतो. दोन्ही फुकट, दोन्ही जाहिरातींविना. क्यूबिटटोरेंटची पाचवी मालिका विंडोज ७ वर चालत नाही, त्यामुळे सरांसाठी चौथीतली आवृत्ती घेतली. त्यातही 'लिबटोरेंट १.२' या आतल्या इंजिनावर बांधलेली घ्यावी. लिबटोरेंट २.० ची डिस्क हाताळण्याची रीत रॅम भरून टाकते आणि कमी रॅमच्या मशीनला ती जड जाते.

जुने सल्लेही जपून घ्या. २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ नं अर्धवट जोडण्यांवर दहाची मर्यादा घातली, तेव्हा ती उठवणारे पॅच हातोहात फिरले. विंडोज ७ मध्ये ती मर्यादाच नाही, तरी तो पॅच टाकायला सांगणारे अजून भेटतात. 'स्पीड बूस्टर' नावाचे प्रोग्रॅम तर सरळ काढून टाका. मंद मशीनवर आणखी एक प्रोग्रॅम चढवून ते वेगवान होत नाही.

नेटचं थोडक्यात. अपलोडवर मर्यादा घालाच. आलेल्या प्रत्येक पाकिटाची 'मिळालं' अशी पोच परत जावी लागते. वरची वाट अपलोडनं तुंबवली तर पोच अडकते आणि डाउनलोडही मंदावतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा त्रास जास्त. अपलोडच्या खऱ्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांवर मर्यादा ठेवा, आणि कंपनी एमबीपीएस सांगते त्याला आठनं भागल्यावरच एमबी मिळतात हे विसरू नका. घरातले मोबाइलही एकदम अडकत असतील, तर स्वस्त राउटरला शेकडो जोडण्या झेपत नाहीत असं समजा. जोडण्या कमी केल्या की तोही सावरतो.

उष्णतेकडे मात्र आपल्या भागात वेगळ्यानं पाहावं लागतं. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ च्या घरात जातो. हार्ड डिस्कला कंपन्या साधारण ६० अंशांची कमाल मर्यादा सांगतात. खोलीत ४०, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडलेल्या कॅबिनेटमध्ये त्यावर पंधरा : किती उरले? पुण्या-मुंबईकडच्या माणसानं लिहिलेल्या सूचनांत हे गणित नसतं. सरांचं कॅबिनेट अशाच कप्प्यात होतं, आणि कूलरचा झोत बरोबर त्याच्यावर. ओलसर हवा आणि धूळ यांचा प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये चक्क नमदा बसला होता. पंखा फिरत होता, हवा जात नव्हती. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, आणि तरी भागलं नाही तर बंद पडतो. दुपारी हँग आणि पहाटे ठीक, असं होत असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागूच नका.

साफसफाई घरी जमते. वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग आत शिरा. पंखा बोटानं धरून ठेवून मऊ ब्रशनं धूळ काढा. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं हलके घासा, भुगा झटका आणि खट् आवाज येईपर्यंत परत बसवा. दिवा विझून बाणही गोठण्याचा त्रास कैकदा एवढ्यानंच जातो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्याशी फुगलेले दिसले तर मात्र तिथं थांबा, ते काम दुकानातलं.

तिथंच एक बटनसेल असतो, सीआर २०३२. तो मेला की संगणक दर वेळी भलतीच जुनी तारीख दाखवतो. तारीख चुकली की सुरक्षित जोडण्यांची प्रमाणपत्रं अमान्य ठरतात, फाइल कोणाकोणाकडे आहे ते सांगणारा 'ट्रॅकर' सर्व्हर भेटत नाही, आणि टॉरेंट 'कनेक्टिंग'वर तासन् तास बसून राहतं. घड्याळाच्या दुकानातही मिळणारा हा सेल बदलायचा सोडून लोक नेटच्या कंपनीला शिव्या घालतात.

खर्च करायचाच तर एका गोष्टीवर करा, साटा जोडणीच्या एसएसडीवर. त्यात फिरणारी तबकडी नाही, त्यामुळे विखुरलेल्या लिखाणाचं ओझं तिला जाणवतच नाही. विंडोज आणि अर्धवट फाइल एसएसडीवर, पुरी झालेली पुस्तकं जुन्या डिस्कवर. रॅम दोनाची चार केली तर उत्तम, पण डीडीआर२ आता जुन्या बाजारातच मिळते. दुकानात लावून, चालवून, मगच पैसे द्या.

सरांनी अजून काहीच विकत घेतलेलं नाही. कॅबिनेट कप्प्याबाहेर आलं, धूळ गेली, टॉरेंट एकेक करून उतरतात आणि त्याच वेळी त्यांना टाइपही करता येतं. मोठी फाइल ताडून पाहताना मशीन अजून थोडं रेंगाळतं, ते तसंच राहणार. राहिला प्रश्न विंडोज ७ चा. त्याचा सुरक्षेचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि असं मशीन रात्रभर नेटवर ठेवणं धोक्याचंच. त्याच दोन जीबीवर हलकं लिनक्स कसं बसवायचं ते पुढच्या लेखांकात पाहू.

तोवर तुमचा संगणक असाच गोठत असेल तर जरूर लिहा. पण 'हँग होतो' एवढंच लिहू नका. रॅम किती, विंडोज कोणतं, त्रास दिवसा होतो की रात्री, आणि गोठल्यावर लाल दिवा पेटलेला असतो की विझलेला, एवढ्या चार गोष्टी कळवा.