पिसवेच्या पोटातला पुरावा

1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे दाखवले, ते काचेच्या बरणीत उंदीर ठेवून. मुंबईत प्लेग येऊन तोवर दोन वर्षे झाली होती. आज तोच जंतू शोधण्यासाठी पिसवेतला डीएनए काढतात. हे शास्त्र मी शोधनिबंध वाचत, जाणत्यांना विचारत समजून घेतले. सगळ्यात नीरस मानली जाणारी पायरी, डीएनए सुटा करण्याची, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पिसू जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, पण कवच चिवट. म्हणून आधी तिला चिरडतात, मग साबणासारखे द्रावण आणि प्रथिने पचवणारे विकर घालून 56 अंश सेल्सिअसला ठेवतात. पेशी फुटतात. तो रस सिलिकाच्या पडद्यातून जाऊ दिला की ठरावीक क्षारांमुळे डीएनए तिथे चिकटतो; तो अल्कोहोलयुक्त द्रावणाने धुऊन शेवटी थोड्याशा पाण्यात उतरवतात. त्यात पिसवेचा डीएनए असतो, तिने ज्याचे रक्त प्यायले त्या उंदराचा असतो, आणि जंतूचा असलाच तर किंचित. पीसीआरने त्याच्याच असंख्य प्रती काढायच्या.

गोम इथेच आहे. रक्तातले हीम धुण्यात निघाले नाही, तर प्रती काढणारे विकर अडते. मग अहवालात ‘नाही’ येते, आणि जंतू मात्र तिथेच असतो! म्हणून त्याच नमुन्यात पिसवेचे स्वतःचे जनुकही शोधतात. तेही सापडले नाही, तर चाचणी झालीच नाही असे धरावे.

‘आहे’ हे उत्तरही तपासून घ्यावे लागते. प्लेगसाठी वापरले जाणारे ‘पीएलए’ जनुक प्लाझ्मिडवर असते. त्याच्या प्रती पुष्कळ, त्यामुळे ते चटकन सापडते. पण उंदरांमधल्या दुसऱ्या जिवाणूंतही ते आढळले आहे. त्यामुळे जोडीला आणखी एखादे जनुक हवेच. शिवाय मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो.

1994 मध्ये बीड जिल्ह्यातले मामला आणि मग सुरत इथून प्लेगच्या बातम्या आल्या. सुरतेतून लोक लोंढ्याने बाहेर पडले, आणि हा प्लेगच होता का, हा वाद पुढे चालूच राहिला. त्या साथीत मिळालेल्या जिवाणूंच्या डीएनएवरून तो प्लेगच असल्याचे दाखवणारा शोधनिबंध निघाला 2000 साली. म्हणून कुठल्या गावच्या पिसवा ‘निर्दोष’ ठरल्याचे वाचले, की मी आधी पाहतो : किती पिसवांत त्यांचे स्वतःचे जनुक उमटले होते?