सप्तमी ते सप्तमी

स्वामी विवेकानंदांची जयंती कधी असते, असं विचारलं तर शाळेतलं पोरगंही १२ जानेवारी म्हणेल. रामकृष्ण मठातले पुजारी मात्र आधी पंचांग उघडतील. मठात जयंती होते ती तिथीने, पौष वद्य सप्तमीला. ही सप्तमी २०२३ मध्ये १४ जानेवारीला होती. मग अधिक श्रावण आला आणि पुढची थेट २ फेब्रुवारीला गेली. २०२५ मध्ये ती २१ जानेवारीला परतली.

नेमका एक महिना आधी, मार्गशीर्ष वद्य सप्तमीला, श्रीरामकृष्णांच्या पत्नी सारदादेवींची जन्मतिथी येते. मठाचा महिना मोजायचाच, तर मी तो या सप्तमीपासून त्या सप्तमीपर्यंत मोजेन. २०२४ चाच घ्या. त्या वर्षी माताजींची तिथी २२ डिसेंबरला आली. १८५३ मधली त्यांच्या जन्माची तारीखही तीच.

दोनच दिवसांनी, २४ च्या संध्याकाळी, मठात येशूची पूजा. तसबिरीला हार, पुढे मेणबत्त्या, नैवेद्याला केक. पाहुण्याला याचं नवल वाटतं, मठातल्यांना नाही. १८८६ च्या डिसेंबरात बंगालमधल्या आंटपूरला धुनीभोवती बसून नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, आणि त्याच्या गुरुबंधूंनी संन्यासाचा निश्चय केला. ती नाताळची पूर्वसंध्या होती, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं.

दर एकादशीला रामनाम-संकीर्तन होतं. ते दक्षिणेत ऐकून विवेकानंदांचे गुरुबंधू ब्रह्मानंद यांनी मठात रुजवलं. मार्गशीर्ष वद्य एकादशीला त्यात आणखी एक गुरुबंधू शिवानंद यांच्या जन्मतिथीची भर पडते.

आणि मग १ जानेवारी, कल्पतरू दिवस. १८८६ साल. घशाच्या कर्करोगाने खंगलेले श्रीरामकृष्ण काशीपूरच्या उद्यानगृहात होते. त्या दुपारी बरं वाटलं म्हणून ते खाली बागेत उतरले. नववर्षाची सुट्टी असल्याने तीसएक गृहस्थ भक्त जमले होते, नाटककार गिरीशचंद्र घोषही त्यांत होते. रामकृष्ण भावावेशात गेले, सर्वांना चैतन्य लाभो असा आशीर्वाद देऊन एकेकाला स्पर्श करत राहिले. रात्र-रात्र शुश्रूषा करणारे तरुण शिष्य मात्र त्यांच्यात नव्हते. जागरणं सोसली त्यांनी आणि सोहळा पाहिला सुट्टीवर आलेल्यांनी! कचेरीच्या सुट्टीमुळे जुळून आलेला हा प्रसंग तारखेनेच पाळला जातो, यात मला तरी औचित्य दिसतं. नावाबद्दल मात्र रामकृष्णांचे शिष्य सारदानंद यांचं वेगळं मत होतं. कल्पतरू मागेल ते देतो, बरं आणि वाईटही. त्यामुळे या घटनेला अभयदान म्हणणं त्यांना अधिक पटत होतं. त्यांची स्वतःची तिथी याच महिन्यातली, पौष शुद्ध षष्ठी.

२०२५ मध्ये १२ जानेवारीला आणखी एक योग आला. शुद्ध चतुर्दशी असल्याने मठात त्या दिवशी गुरुबंधू तुरीयानंदांची जन्मतिथी होती आणि बाहेर राष्ट्रीय युवा दिन. तो १९८५ पासून साजरा होतो. त्यात गंमत अशी की १८६३ मध्ये १२ जानेवारीला मकरसंक्रांतही होती. निरयन गणितामुळे संक्रांत दर ७०-७२ वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांच्या जन्माच्या पहाटे तारीख, तिथी आणि संक्रांत एकत्र होती. २०२५ मध्ये त्यांची फाटाफूट झाली: १२ ला तारीख, १४ ला संक्रांत, २१ ला तिथी.

त्या २१ तारखेपर्यंत शाळांमधले युवा दिनाचे फलक उतरलेले असतात, भाषणं संपलेली असतात. मठात मात्र पहाटे मंगलारती होते, मग विशेष पूजा, होम, आणि दुपारी खिचडीच्या प्रसादाची पंगत.